संकटातल्या तरुणांसाठी आधार केंद्र: फोन नंबर जाहीर करण्याआधी काय काय उभे करावे

गावात एखाद्या मुलाने किंवा मुलीने जीव दिला की महिनाभरात चार चांगली माणसे एकत्र येतात. व्हॉट्सअ‍ॅप गट होतो, कुणीतरी आपला मोबाइल नंबर देते, 'मन मोकळं करा, आम्ही आहोत' असे पोस्टर शहरभर फिरते. मग एके रात्री साडेअकराला पहिला खरा फोन येतो. काय विचारायचे, कुठे न्यायचे, सोबत कोण जाणार, यातले काहीच ठरलेले नसते. इथे हेतू खोटा नसतो, फक्त क्रम चुकलेला असतो. जाहीर नंबर हे या कामाचे शेवटचे पाऊल आहे. त्याआधी रुग्णालयापर्यंतची वाट, तयार माणसे आणि नंतरच्या पाठपुराव्याची वही या तीन गोष्टी चालू लागलेल्या हव्यात. हा लेख जिल्ह्याच्या किंवा मोठ्या तालुक्याच्या गावी असे केंद्र सुरू करू पाहणाऱ्यांसाठी आहे. शून्यापासून सुरुवात केली तर सहा महिने लागतात, आणि तेवढे द्यावेत.

वाचता वाचता तुमच्याच मनात जीव द्यावा असे विचार येत असतील, तर हा लेख बाजूला ठेवा आणि १४४१६ वर फोन लावा. ही 'टेली-मानस' ही सरकारी सेवा आहे. ती विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते.

आधी हद्द आखा

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते. राज्यांमध्ये सर्वाधिक, म्हणजे २२,७४६ मृत्यू महाराष्ट्रातले होते. हे आकडे वाचून सगळ्यांसाठी सगळे करावेसे वाटते, आणि तिथेच केंद्र फसते. एका कागदावर दोन रकाने करा.

'करू' या रकान्यात चार गोष्टी पुरेशा आहेत: ऐकून घेणे, धोका किती आहे ते विचारणे, सुरक्षितता आराखडा (तसे विचार पुन्हा आले तर काय करायचे याचा कागद) लिहून घेणे, आणि गरज पडल्यास डॉक्टरांपर्यंत सोबत जाऊन पुढे काही महिने संपर्क ठेवणे. 'करणार नाही' या रकान्यात निदान, औषधांचा सल्ला, दीर्घ मानसोपचार, घरच्यांशी भांडण सोडवणे, प्रेमप्रकरणात मध्यस्थी आणि मुक्कामाची सोय. वयोगटही लिहा. राष्ट्रीय युवा धोरणाने १५ ते २९ हा गट धरला आहे, तोच सोयीचा. पस्तिशीच्या माणसाचा फोन आला तर त्याला झिडकारायचे नाही. त्याचेही तेवढ्याच आस्थेने ऐकायचे आणि योग्य ठिकाणी जोडून द्यायचे.

वेळेबद्दल स्वतःशी प्रामाणिक राहा. आठवड्यातून तीन संध्याकाळी ६ ते ९ पक्के चालणारे केंद्र हे उचलला न जाणाऱ्या चोवीस तासांच्या नंबरापेक्षा कितीतरी बरे. धीर एकवटून लावलेला फोन नुसता वाजत राहिला तर 'कुणालाच पडलेलं नाही' हा त्या मुलाचा समज पक्का होतो. वेळेबाहेर आपोआप लागणाऱ्या ध्वनिमुद्रित निरोपात तीनच गोष्टी सांगा: केंद्र केव्हा उघडे असते, आत्ता बोलायचे असेल तर १४४१६, आणि जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८.

नोंदणी, आणि मुक्काम का नको

महाराष्ट्रात सरळ रस्ता म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात न्यासाची नोंदणी. संस्था म्हणून नोंदणी करायची असेल तर किमान सात सभासद लागतात, आणि राज्यात तशा संस्थेची न्यास म्हणूनही नोंदणी होते. उद्देशांच्या कलमात 'मानसिक आरोग्य' आणि 'आत्महत्या प्रतिबंध' हे शब्द स्पष्ट घालून घ्या. 'समाजकल्याण' एवढ्यावर भागवले तर पुढे कंपन्यांकडे सामाजिक दायित्व निधी मागताना अडते. देणगीदाराला करसवलत मिळावी म्हणून आयकर खात्याकडे जी दुहेरी नोंदणी करावी लागते, ती सीएकडून पहिल्याच वर्षी करून घ्या. ज्यांच्याकडे ही कागदपत्रे नाहीत त्यांनी आधीपासून नोंदलेल्या एखाद्या स्थानिक न्यासाचा प्रकल्प म्हणून दोन वर्षे काम करावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

परदेशातल्या मराठी माणसांकडून मदत येते तेव्हा एक भेद नीट पाहा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी ही विदेशी देणगी ठरत नाही. पण ज्याने अमेरिकेचे किंवा ब्रिटनचे नागरिकत्व घेतले आहे तो ओसीआय (मूळ भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) कार्डधारक असला तरी कायद्याने विदेशी स्रोतच. त्याची देणगी घ्यायला विदेशी अंशदान नियमन कायद्याखालची परवानगी लागते. देणगीच्या फॉर्मवर नागरिकत्वाचा रकाना ठेवला की प्रश्नच उरत नाही.

मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला काळजीसाठी, उपचारासाठी मुक्कामी ठेवणारी जागा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार 'मानसिक आरोग्य आस्थापना' ठरते आणि तिला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. 'एक रात्र राहू दे, सकाळी बघू' असे म्हणत केंद्रातल्या सतरंजीवर मुलाला झोपवणे माणुसकीचे वाटते, पण तिथे ना डॉक्टर असतो ना रात्रपाळीचे प्रशिक्षित माणूस. घर, नातेवाइकाचे घर किंवा रुग्णालय याशिवाय चौथा पर्याय ठेवू नका.

वाटा आधी बांधा

पहिले दोन महिने फक्त यासाठी द्या. गावातली मदतीची प्रत्येक जागा प्रत्यक्ष पाहून एका पानावर मांडा. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी कोणत्या वारी, किती वाजता असते? केसपेपर कुठल्या खिडकीवर निघतो आणि ती खिडकी किती वाजता बंद होते? मनोविकारतज्ज्ञ रजेवर असतील तर कोण बघते? रात्री कॅज्युअल्टीत पोहोचल्यावर मनोविकारतज्ज्ञांना बोलावतात की सकाळपर्यंत थांबवतात? हे फोनवर विचारून कळत नाही. ओपीडीच्या दिवशी बाकावर दोन तास बसा, सगळे कळते. बऱ्याच ठिकाणी खरी चावी असते ती परिचारिकेकडे किंवा समाजसेवा अधीक्षकांकडे. त्यांची ओळख करून घ्या, संस्थेचे पत्र द्या आणि एका माणसाचे नाव कायमचे संपर्कासाठी द्या.

त्याच पानावर पुढच्या नोंदी हव्यात: दहा ते एकोणीस वयोगटासाठी सरकारी रुग्णालयांतून चालणारे 'मैत्री' क्लिनिक, दोन खासगी मनोविकारतज्ज्ञ जे तातडीचा रुग्ण त्याच दिवशी बघायला तयार आहेत, पोलीस ठाणे आणि महिला पोलिसांचे दामिनी पथक, बाल कल्याण समिती, चाइल्ड हेल्पलाइन १०९८, हिंसाचारातून आलेल्या मुलींसाठी सखी वन स्टॉप सेंटर, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली चार प्रादेशिक मनोरुग्णालये आणि गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था यांपैकी तुम्हाला जवळचे कोणते, तिथे पाठवताना कोणती कागदपत्रे लागतात, हेही लिहा. दर तीन महिन्यांनी प्रत्येक नंबर लावून पाहा. बदल्या होतात, नंबर बंद पडतात, आणि हे संकटाच्या रात्री कळून उपयोग नसतो.

सुरुवातीच्या काळात चालू कामे जाऊन पाहा. पुण्यात २००५ पासून आत्महत्या प्रतिबंधाचे काम करणारी कनेक्टिंग, ठाण्यात १९९० पासून मानसिक आरोग्याचे काम करणारी आयपीएच, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेची २०१२ मध्ये सुरू झालेली आयकॉल ही फोनवरची समुपदेशन सेवा, गोव्यात १९९६ पासून मानसिक आरोग्यावर काम आणि संशोधन करणारी संगाथ. संगाथने गोव्यात घेतलेल्या चाचण्यांतून एक गोष्ट सिद्ध झाली आहे. डॉक्टर नसलेली, पण नीट शिकवलेली आणि देखरेखीखाली काम करणारी स्थानिक माणसे नैराश्यातल्या लोकांना खरी मदत करू शकतात. 'देखरेखीखाली' हा त्यातला अर्धा भाग आहे हे विसरू नका.

शाळा-महाविद्यालयांचे दार उघडायला आता एक भक्कम आधार मिळाला आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, ही त्यांतली एक. प्राचार्यांकडे जाताना 'व्याख्यान ठेवू द्या' अशी विनंती करू नका. 'तुमच्या समुपदेशकाकडून आमच्याकडे आणि आमच्याकडून तुमच्याकडे मूल कसे पाठवायचे ते लेखी ठरवू' असे सांगा. लातूरसारख्या शिकवण्यांच्या शहरात किंवा पुण्यात स्पर्धा परीक्षावाल्यांच्या पेठांत काम असेल तर मेसचालक, अभ्यासिकेचा मालक आणि कॉट बेसिसवर खोल्या देणाऱ्या घरमालकीण काकू यांना आधी गाठा. मुलगा चार दिवस डब्याला आला नाही, हे त्यांनाच पहिल्यांदा दिसते.

कायद्याची भीती कशी काढायची

'पोलीस केस होईल' या धास्तीने घरचे लोक मुलाला तालुक्याच्या छोट्या दवाखान्यात नेतात आणि 'चुकून घेतलं' असे सांगतात. यात अमूल्य तास जातात. म्हणून प्रत्येक कार्यकर्त्याला तीन गोष्टी तोंडपाठ हव्यात. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे धरले जाते, तिच्यावर खटला चालवून शिक्षा करायची नाही आणि तिची काळजी घेणे ही सरकारची जबाबदारी आहे. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे जुन्या दंडसंहितेतले कलम ३०९ हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत उरलेले नाही. नव्या संहितेतले कलम २२६ फक्त सरकारी सेवकाला कामापासून रोखण्यासाठी किंवा काही करायला भाग पाडण्यासाठी केलेल्या प्रयत्नाला लागू होते. आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे की पोलिसी कागदपत्रांची वाट न पाहता डॉक्टरांनी आधी जीव वाचवायचा. एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे रुग्णालय पोलिसांना कळवते ती नोंद) ही नोंद आहे, आरोप नव्हे. पोलीस जबाब घ्यायला येऊ शकतात, तेव्हा शांतपणे खरे सांगावे.

एक बाब मात्र उलट्या दिशेने कडक आहे. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर पोक्सो (लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या) कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, न कळवणे हा गुन्हा आहे. सतरा वर्षांच्या मुलीचे संमतीचे म्हणवले जाणारे संबंधही या कक्षेत येतात. त्यामुळे 'तू सांगशील ते कुणाला कळणार नाही' असे वचन कुणीही देऊ नये. पहिल्या दोन मिनिटांत सांगायचे वाक्य असे असावे: "तू बोलशील ते इथेच राहील. फक्त तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा अठराच्या आतल्या कुणावर अत्याचार झाला असेल, तर मला पुढे सांगावं लागेल. आणि ते तुला सांगूनच करेन." हे ऐकून काही जण फोन ठेवतील अशी भीती नव्या कार्यकर्त्यांना वाटते. पण बहुतेक वेळा समोरच्याचा विश्वास वाढतो, कारण त्याच्याशी सरळ बोलणारे कुणी त्याला बऱ्याच दिवसांत भेटलेले नसते.

माणसे: किती आणि कोणती

हिशेब करू. तीन संध्याकाळी, प्रत्येक वेळी दोघे, म्हणजे आठवड्याला सहा पाळ्या. एकाला आठवड्यात एकच पाळी आणि महिन्यातून एक आठवडा सुट्टी धरली तर आठ जण लागतात. आजारपण, परीक्षा, लग्नसराई धरून बारा. बारा टिकायचे तर प्रशिक्षणाला वीस-पंचवीस बसवा. एकट्याने पाळी कधीही नाही. एक फोनवर असताना दुसऱ्याला रुग्णवाहिका, पालक किंवा पर्यवेक्षक यांच्याशी बोलावे लागते.

मुलाखतीत 'का करायचंय?' यापेक्षा एक प्रसंग द्या: "समोरची मुलगी चार मिनिटं नुसती रडतेय. तुम्ही काय कराल?" जो लगेच उपाय सांगू लागतो त्याला शिकवायला वेळ लागेल. 'मी तिला जगण्याचं महत्त्व पटवेन' म्हणणाऱ्याला तूर्त पोस्टर लावणे, हिशेब, प्रवास या कामांत घ्या. स्वतःच्या घरात नुकताच असा मृत्यू झालेल्या माणसाची तळमळ खरी असते. तरीही त्यांना किमान वर्षभर थांबायला सांगा, आणि हे प्रेमाने, कारण देऊन सांगा. सर्वांची पोलीस पडताळणी करा.

प्रशिक्षण चाळीस तासांपेक्षा कमी नको. आठ रविवार, पाच-पाच तास. त्यातले निम्म्याहून अधिक तास जोडीजोडीने केलेल्या सरावाचे असावेत. व्याख्यानाने ऐकण्याची सवय लागत नाही. त्यानंतर प्रत्येकाने चार पाळ्या अनुभवी माणसाशेजारी बसून नुसत्या ऐकाव्यात. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ पर्यवेक्षक म्हणून नेमा. दर पंधरा दिवसांनी दोन तासांची बैठक आणि पाळीच्या वेळेत फोनवर उपलब्धता, असा लेखी करार करा आणि मानधन द्या. फुकटातल्या पर्यवेक्षकाला बैठक रद्द करणे सोपे जाते.

संभाषण

सुरुवात 'तुम्ही'ने करा आणि विचारा, "अगं-तुगं केलं तर चालेल?" कार्यकर्त्याने स्वतःचे पहिले नाव सांगावे. सर-मॅडम नको. मुले आपणहून 'ताई', 'दादा' म्हणू लागली तर म्हणू द्यावे.

पहिली दहा-पंधरा मिनिटे ऐकणे आणि ऐकलेले परत मांडणे. मग सरळ विचारणे. हा प्रश्न टाळण्याची ओढ फार असते. विचारल्याने मनात नसलेला विचार येत नाही, हे अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. उलट बोलायला वाट मिळते. आडून विचारू नका. 'काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?' या प्रश्नात 'नाही' हे उत्तर आधीच भरलेले असते. पायऱ्या अशा:

१. "मरून जावं, झोपेतून उठूच नये, असं वाटतं का?"
२. "स्वतःचा जीव घ्यावा असा विचार येतो का?"
३. "कसा, याचा विचार केला आहेस का?"
४. "तसं करायचं असं मनाने घेतलंय का?"
५. "कधी, कुठे, हे ठरवलंय का? त्यासाठी काही आणून ठेवलंय का?"
६. "याआधी असं काही केलं होतंस का? गेल्या तीन महिन्यांत?"

फक्त पहिल्या दोनला होकार असेल तर आराखडा लिहा आणि आठवड्याच्या आत समुपदेशकाची भेट ठरवा. तिसऱ्यालाही होकार असेल तर त्याच दिवशी पर्यवेक्षकाला फोन, चोवीस तासांत डॉक्टर, आणि घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला, त्या मुलाच्या संमतीने, कळवणे. चौथ्याला किंवा पाचव्याला होकार, किंवा गेल्या तीन महिन्यांत प्रयत्न, तर त्याला क्षणभरही एकटे सोडायचे नाही. फोन चालू ठेवायचा, पाळीतल्या जोडीदाराने मदत हलवायची. उत्तरे नकाराची असूनही आवाज, शांतता, निरोपाची भाषा ('आईकडे लक्ष द्या') काही वेगळेच सांगत असेल तर वरची पातळी धरा. प्रश्नावली ही तुमच्या कानांना मदत आहे, त्यांच्या जागी नाही.

काही वाक्ये केंद्राच्या भिंतीवर 'बोलायची नाहीत' म्हणून लावावीत. "आईवडिलांचा तरी विचार कर." त्याने तो केलेलाच असतो, आणि 'मी नसलो तर त्यांचं ओझं उतरेल' या निष्कर्षाला तो पोहोचलेला असतो. तुमच्या वाक्याने अपराधीपणाची आणखी एक वीट चढते. "तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीतली मुलंही शिकतात." याने त्याचे दुःख खोटे ठरते. "मला वचन दे." वचन दिलेला मुलगा पुढच्या वेळी खचला की तुम्हालाच फोन करायला लाजतो. त्याऐवजी एवढेच म्हणा, "खूप दिवस एकट्याने ओढलंस. आज रात्रीचं आपण मिळून बघू." संकटातल्या माणसाला आयुष्याचा प्रश्न सोडवून हवा नसतो. पुढचे काही तास निभावणे शक्य आहे एवढे त्याला कळायला हवे.

सुरक्षितता आराखडा

स्टॅन्ली आणि ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी बांधलेली ही सहा भागांची पद्धत जगभर वापरली जाते. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर, त्या मुलाच्याच हस्ताक्षरात आणि त्याच्याच शब्दांत लिहायची. वीस ते चाळीस मिनिटे लागतात.

पहिला भाग धोक्याच्या खुणांचा: 'दोन दिवस आंघोळ नाही, घरचे फोन कापतो, जुने मेसेज वाचत बसतो.' 'उदास वाटणे' असे ढोबळ लिहू देऊ नका, त्याने वेळेवर काही ओळखू येत नाही. दुसरा, एकट्याला करता येईल असे: थंड पाण्याने तोंड धुणे, सायकल घेऊन तळ्याला चक्कर. तिसरा, जिथे माणसांत जाता येईल अशा जागा: चहाची टपरी, मंदिराचा कट्टा, कबड्डीचे मैदान. चौथा, ज्यांना सांगता येईल अशी दोन-तीन माणसे, नंबरांसह. इथे पेन थांबते. आई-वडील सुचवायची घाई करू नका. अनेकदा नाव येते ते मामेबहिणीचे, आत्याचे किंवा जुन्या शिक्षकांचे. पाचवा, केंद्र, डॉक्टर, १४४१६. सहावा, घरातली घातक साधने दूर करणे.

या सहाव्या भागावर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण जीव देण्याची तीव्र लाट बऱ्याचदा काही मिनिटांची किंवा तासांची असते आणि त्या वेळी साधन हाताशी नसणे यानेच माणूस वाचतो. शेतकरी घरात फवारणीची औषधे बहुधा पडवीत किंवा पलंगाखाली असतात. ती घराबाहेर, कुलपाच्या पेटीत ठेवायची, किल्ली एका मोठ्या माणसाकडे, कुणाकडे ते त्या मुलाला माहीत नको. उरलेली बाटली 'पुढच्या हंगामाला लागेल' म्हणून ठेवायची नाही. आजी-आजोबांच्या गोळ्या एका डब्यात कुलपात, बाहेर फक्त दिवसापुरत्या. वसतिगृहात असेल तर काही दिवस एकट्याची खोली नको. घरच्यांना हे सांगताना 'तुमच्या मुलावर विश्वास नाही' असा सूर लागता कामा नये. "ताप असताना अंगावर पाणी घेऊ देत नाही, तसं थोडे दिवस" असे म्हटले की वडीलधाऱ्यांना पटते.

लिहून झाल्यावर विचारा, "यातलं काय जमणार नाही?" जे जमणार नाही ते खोडा. मग फोटो काढून त्याच्या मोबाइलमध्ये, मूळ कागद त्याच्याकडे. केंद्रात प्रत ठेवायची असेल तर त्याला विचारून.

रुग्णालयात सोबत

काही घेतल्याचा संशय असेल तर मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका, त्याने इजा वाढू शकते. १०८ ला फोन, नाही तर मिळेल ते वाहन. बाटली, पाकीट, गोळ्यांचे रिकामे पान सोबत न्या. काय, किती, किती वाजता, हे खरे सांगा. मूल 'आता बरं वाटतंय' म्हणाले तरी तपासणी टाळू नका, काही विषांचा परिणाम उशिरा दिसतो.

सोबत दोघांनी जावे, मुलगी असेल तर त्यात एक बाई असावी. पिशवीत पाण्याची बाटली, बिस्किटे, चार्जर, कोरी वही, पेन आणि रोख पैसे. केंद्राच्या कपाटात या कामासाठी पाच हजार रुपये रोख कायम असावेत, दोघांच्या सहीने निघणारे. रिक्षा, औषधे, पालकांचा चहा यांचे पैसे स्वतःच्या खिशातून घालण्याची सवय लागली की सहा महिन्यांत कार्यकर्ते गळतात. डॉक्टरांना तुमचे निदान सांगू नका, तुम्ही विचारलेले प्रश्न आणि मिळालेली उत्तरे सांगा. शरीरावरचे उपचार झाल्यावर घरी सोडण्याआधी मनोविकारतज्ज्ञांनी पाहावे ही मागणी नम्रपणे, पण लावून धरा. हीच पायरी गर्दीत हमखास गळते.

पाठपुरावा, म्हणजे निम्मे काम

रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे. नेमके तेव्हाच सगळे निर्धास्त होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने पाच देशांत झालेला, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास प्रत्येक कार्यकर्त्याने जाणून घ्यावा. त्यात एक केंद्र चेन्नई होते. प्रयत्नानंतर आपत्कालीन विभागात आलेल्या १,८६७ जणांपैकी एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला त्याखेरीज तासभराची माहिती आणि दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट एवढेच जास्त मिळाले. अठरा महिन्यांनी आत्महत्येने झालेले मृत्यू पहिल्या गटात २.२ टक्के होते, दुसऱ्यात ०.२ टक्के.

त्या अभ्यासाचे वेळापत्रक तसेच उचला: पहिला, दुसरा, चौथा, सातवा, अकरावा आठवडा, मग चौथा, सहावा, बारावा, अठरावा महिना. त्याच्या आधी पहिल्या चोवीस तासांत आणि तिसऱ्या दिवशी असे दोन फोन आपले वाढवा. ज्या दिवशी आराखडा लिहिला त्याच दिवशी या सगळ्या तारखा मोठ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर सांकेतिक क्रमांकाने टाका. फोन पाच-दहा मिनिटांचा असतो. "जेवलास का, झोप कशी आहे, गोळ्या चालू आहेत का, ते विचार परत आले का?" उचलला नाही तर त्याच दिवशी दुसऱ्या वेळी, मग दुसऱ्या दिवशी, मग आधी ठरवून घेतलेल्या दुसऱ्या नंबरवर. त्या दुसऱ्या माणसाला काय सांगायचे आणि काय नाही, हे मुलाकडून आधीच लिहून घ्या.

दहावी-बारावीचे आणि नीटचे निकाल, एमपीएससीची यादी, या तारखांच्या आठवड्यात पाळ्या वाढवा. ज्यांचा निकाल लागणार आहे अशा जुन्या मुलांना आदल्या दिवशी आपणहून फोन करा.

नोंदी

केंद्राचा वेगळा मोबाइल, तो केंद्रातच राहतो. कार्यकर्ता आपला खासगी नंबर कधीच देत नाही. एकाने दिला की मुलगा त्या एका माणसावर टांगला जातो, आणि ते माणूस परगावी गेले की सगळे कोसळते. वहीत नावाऐवजी क्रमांक, नाव-नंबरांची यादी वेगळ्या कुलपात. व्हॉट्सअ‍ॅप गटावर पाळ्यांची अदलाबदल सोडून काहीही लिहायचे नाही, नाव वगळून लिहिलेला प्रसंगसुद्धा नाही. तालुक्याच्या गावात चार तपशिलांवरून घर ओळखू येते. देणगीदारांच्या अहवालातही मुलांचे फोटो किंवा 'यशोगाथा' देऊ नका.

अश्लील फोन येतात, विशेषतः बाई कार्यकर्ती असेल तेव्हा. एकदा स्पष्ट समज, मग फोन बंद, नोंद, आणि जोडीदाराशी दोन मिनिटे बोलणे. ते सहन करणे हा सेवेचा भाग नव्हे.

मृत्यू झालाच तर

सगळे नीट करूनही हे घडू शकते. त्या रात्री पर्यवेक्षकाने ज्यांनी त्या मुलाशी बोलणे केले होते त्या प्रत्येकाला स्वतः भेटावे, गटावरून कळवू नये. त्या कार्यकर्त्यांना दोन आठवडे फोनपासून मोकळे ठेवा, कामापासून तोडू नका. नोंदी तपासायच्या त्या कुणाची चूक शोधायला नाही. कुठली पायरी सुटते आहे ते कळायला.

गावात कुणाचाही असा मृत्यू झाला तर अठ्ठेचाळीस तासांत त्या शाळेत, महाविद्यालयात किंवा अभ्यासिकेत पोहोचा. चौकात फोटोचा मोठा फ्लेक्स, 'आमचा वाघ गेला' अशा ओळी, दिवसभर फिरणारे स्टेटस, यांनी आधीच खचलेल्या दुसऱ्या मुलाला मरणात मान दिसू लागतो. मित्रमंडळींना समजावून साधा शोकफलक लावायला सांगा. शोकसभेत कसे घडले याचे वर्णन नको, 'त्या एका कारणाने' असे सोपे उत्तर नको, मदतीचे नंबर मात्र जरूर. स्थानिक बातमीदाराला भेटून पद्धत, जागा आणि चिठ्ठीतला मजकूर न छापण्याची विनंती करा. प्रेस कौन्सिलच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना त्याच्या हातात द्या. मग शांतपणे यादी करा: शेवटचा फोन कुणाशी झाला, जवळची मैत्रीण कोण, शेजारच्या कॉटवर कोण झोपत होते, आधी प्रयत्न केलेले त्या वर्गात कोण आहे. त्या प्रत्येकाशी एकेकट्याने बोला. घरच्यांकडे तेराव्यानंतर जा, कारण तोवर घर भरलेले असते.

नंबर केव्हा, आणि महिन्याला काय मोजायचे

मदतीच्या जागांचे पान तपासलेले, बारा माणसे तयार, पर्यवेक्षकाचा करार झालेला आणि पाठपुराव्याचे कॅलेंडर भिंतीवर. एवढे झाल्यावर आधी एकाच महाविद्यालयात आणि दोन अभ्यासिकांत नंबर द्या. दोन महिने तेवढेच चालवा. मग वर्तमानपत्र, एसटी स्टँड, झेरॉक्सची दुकाने, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची आतली बाजू. ही शेवटची जागा सर्वांत कामाची, कारण तिथे नंबर उतरवताना कुणी बघत नाही.

महिन्याच्या बैठकीत किती फोन आले हा आकडा शेवटी घ्या. आधी पाहा की ठरलेल्या पाठपुराव्यांपैकी किती वेळेवर झाले, पाठवलेल्यांपैकी किती जण खरोखर डॉक्टरांपर्यंत पोहोचले, आणि कुठल्या पाळीला एकच माणूस होते. दिवाळीत किंवा गणपतीत केंद्र बंद राहणार असेल तर पाठपुराव्यातल्या प्रत्येकाला दोन आठवडे आधी सांगा, त्या काळात कुणाला फोन करायचा ते आराखड्याच्या कागदावर लिहून द्या, आणि ध्वनिमुद्रित निरोप बदलला आहे ना हे बाहेरच्या फोनवरून स्वतः लावून ऐका.